पत्राच्या आत हलणारे चित्र

ई-मेलच्या खिडकीत हालचालीला फार थोडी जागा आहे. वेबपानांना जिवंत करणारी जावास्क्रिप्ट मेलची सॉफ्टवेअर्स चालूच देत नाहीत. व्हिडिओही बहुतेक ठिकाणी पत्राच्या आत सुरू होत नाही, त्याच्या दुव्यावरून बाहेर जावे लागते. ही कडक शिस्त योग्यच आहे. आपल्या पत्त्यावर कोणीही काहीही पाठवू शकतो, आणि अनोळखी माणसाने पाठवलेला प्रोग्राम आपल्या संगणकावर आपोआप चालणे धोक्याचे असते. एवढ्या बंदोबस्तातूनही एक प्रकार वर्षानुवर्षे आत येतो आहे. तो म्हणजे जिफ, हलते चित्र.

जिफचा जन्म ई-मेलसाठी झाला नव्हता, हालचालीसाठीही नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील कॉम्प्युसर्व्ह ही कंपनी टेलिफोनच्या तारेवरून ग्राहकांना माहिती पुरवत असे. ग्राहकांचे संगणक वेगवेगळ्या बनावटीचे आणि मोडेम अतिशय मंद. रंगीत चित्र या सगळ्यांकडे सारखेच उमटावे आणि लवकर पोहोचावे, यासाठी स्टीव्ह विल्हाइट यांच्या नेतृत्वाखालील गटाने १९८७ च्या जूनमध्ये हा साचा जाहीर केला. एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग, आणि पुन्हा पुन्हा येणारे नमुने ओळखून आकार लहान करणारी एलझेडडब्ल्यू ही पद्धत, एवढ्यावर तो उभा होता.

१९८९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक फ्रेमनंतर किती थांबायचे हे सेकंदाच्या शंभराव्या भागांत सांगण्याची सोय आली. मात्र हा साचा ॲनिमेशनचे व्यासपीठ म्हणून बनवलेला नाही, मर्यादित प्रमाणात ते जमू शकते इतकेच, असे त्या आवृत्तीच्या अधिकृत दस्तऐवजात स्पष्ट नोंदवले आहे. ज्या कामासाठी आपण नाही असे त्याने स्वतःच सांगितले, त्याच कामासाठी जग आज त्याला ओळखते.

एक उणीव उरली होती. फ्रेम संपल्या की चित्र थांबे. नेटस्केप नॅव्हिगेटरच्या २.० आवृत्तीने जिफच्या फाइलमध्ये एक छोटा तुकडा बसवला आणि त्यात आवर्तनांची संख्या लिहिण्याची सोय केली. शून्य लिहिले तर चित्र अखंड फिरत राहते. या तुकड्याच्या सुरुवातीला ‘नेटस्केप २.०’ अशी अकरा रोमन चिन्हांची खूण असते. त्या ब्राउझरची देखभाल २००८ मध्ये बंद झाली, पण आजही जवळपास प्रत्येक फिरत्या जिफच्या पोटात त्याचे नाव असते.

हे सगळे इतके टिकाऊ ठरले ते जिफच्या रचनेमुळे. फाइलचा प्रत्येक तुकडा आपली लांबी सांगत पुढे जातो. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला एखादा तुकडा कळला नाही, तर तेवढी लांबी ओलांडून ते पुढचे वाचू शकते. म्हणून जुन्या सॉफ्टवेअरला फिरणे जमले नाही तरी चित्र दिसते, निदान पहिली फ्रेम तरी.

चित्र पत्रात यायला आणखी एक वाट तयार व्हावी लागली. ई-मेलचे मूळ दळणवळण फक्त साध्या रोमन मजकुरासाठी होते. १९९२ मध्ये नथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी माइम हे मानक मांडले. पत्राचे अनेक भाग करता येतील आणि प्रत्येक भाग कशाचा आहे हे वर लिहिता येईल, अशी त्याची रचना. चित्रांचे जे दोन प्रकार त्यात पहिल्यापासून होते, त्यांतला एक जिफ होता. चित्राचे बाइट मजकुराच्या वेशात पाठवण्यासाठी बेस-६४ ही पद्धत वापरतात. त्यात तीन बाइटांची चार चिन्हे होतात, म्हणजे तीन एमबीचे चित्र वाटेत चार एमबीचे होते.

म्हणून जिफ हलकी बनवणे हीच या कामातली खरी कारागिरी. दिवाळीच्या शुभेच्छांमध्ये येते तशी तेवत्या पणतीची जिफ घ्या. ६०० गुणिले ४०० आकाराच्या चित्रात २ लाख ४० हजार पिक्सेल होतात. बारा फ्रेम पूर्ण भरल्या तर २८ लाख ८० हजार. पण हलते ती फक्त ज्योत. जिफमधली प्रत्येक फ्रेम पूर्ण आकाराची असावी लागत नाही. चित्रात ती कोठे बसवायची आणि तिची लांबी-रुंदी किती, हे तिच्यासोबतच लिहिलेले असते. पहिली फ्रेम पूर्ण आणि उरलेल्या अकरा फ्रेम ज्योतीपुरत्या, ३० गुणिले ५० च्या ठेवल्या, तर एकूण पिक्सेल २ लाख ५६ हजार ५०० होतात. डोळ्यांना तीच पणती दिसते, ओझे मात्र एक-दशांशाहूनही कमी.

२००७ मध्ये या कारागिरीला मोठा अडथळा आला. आऊटलुकच्या त्या वर्षीच्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने पत्र दाखवण्याचे काम इंटरनेट एक्स्प्लोररकडून काढून वर्डकडे दिले. पत्र लिहिताना आणि वाचताना एकच यंत्रणा असावी, हा त्यामागचा विचार. पण वर्डला हलती चित्रे हलवता येत नव्हती. जगभरच्या कार्यालयांत जिफ पहिल्या फ्रेमवरच थांबली. ज्यांनी पहिली फ्रेम कोरी ठेवून शेवटी मजकूर आणला होता, त्यांचे पत्र रिकामे दिसू लागले. त्यातून एक चांगला नियम रुजला: सांगायचे ते पहिल्याच फ्रेममध्ये पूर्ण सांगावे, हालचाल ही भर असावी. मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्या आऊटलुकमध्ये हालचाल परतली आहे, पण जुन्या आवृत्त्या वापरणारे आहेत, म्हणून नियम आजही पाळण्याजोगा आहे.

दुसरा अडथळा विश्वासाचा. बहुतेक व्यावसायिक पत्रांत चित्र नसतेच, त्याचा पत्ता असतो. पत्र उघडले की चित्र पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून येते, आणि पत्र कधी उघडले हे त्याला कळते. नुसत्या पाळतीसाठी एका पिक्सेलची पारदर्शक जिफ लपवण्याची प्रथाही पडली. त्यामुळे थंडरबर्डसारखी सॉफ्टवेअर्स परवानगीशिवाय बाहेरची चित्रे आणत नाहीत. जीमेल २०१३ च्या अखेरीपासून चित्रे गूगलच्या स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणते. ॲपलने २०२१ मध्ये मेलसाठी अशीच आडपडद्याची सोय दिली.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो वाचणाऱ्याच्या शरीराचा. झपाट्याने लुकलुकणारा प्रकाश काही लोकांमध्ये अपस्माराचा झटका आणू शकतो. मजकुराशेजारी सतत हलणारी वस्तू असली की अनेकांना वाचणेच अवघड होते. वेब सुलभतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणारी हालचाल वाचकाला थांबवता आली पाहिजे, आणि कोणतीही गोष्ट सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकू नये. थंडरबर्डमध्ये जिफ नेहमीसारखी फिरू द्यायची, एकदाच चालवायची की मुळीच हलवायची नाही, असे तीन पर्याय आहेत. पण ते प्रगत सेटिंग्जच्या लांबलचक यादीत दडलेले आहेत आणि ज्याला गरज आहे तो तिथवर क्वचितच पोहोचतो.

पत्र लिहिणाऱ्याने काय पाठवावे हे त्याने ठरवावे, पण पत्र उघडल्यावर पडद्यावर काय हलत राहावे हे वाचणाऱ्याने ठरवले पाहिजे. जिफची रचना या हक्काच्या आड येत नाही. पहिली फ्रेम नीट बनवलेली असेल तर हालचाल थांबवूनही निरोप पोहोचतो. म्हणून थांबवण्याचे बटण चित्राच्या शेजारीच, सहज दिसेल असे असावे, आणि जिफ बनवणाऱ्यांनी आवर्तनांच्या जागी शून्याऐवजी दोन किंवा तीन लिहिण्याची सवय लावावी. दोन्ही गोष्टींसाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. फाइलमध्ये आवर्तनांच्या संख्येची जागा तर तीसेक वर्षांपासून तयार आहे.