इमारत कोणासाठीं ?

कफर्णहूम येथील पक्षाघाती मनुष्याची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. चौघांनीं त्याला खाटेसह आणिलें. परंतु दाराशीं गर्दी असल्यामुळें आंत जातां येईना, तेव्हां त्यांनीं छप्पर उसकटून त्याला खालीं सोडलें. त्या चौघांची निष्ठा आपण वाखाणतों. पण ज्याला असे चार सोबती नाहींत त्यानें काय करावें, याचा विचार क्वचितच करितों. तो विचार इमारत बांधणाऱ्यानें आधींच केला पाहिजे.

पुण्यांतील जुने वाडे पाहावे. पावसाचें पाणी शिरूं नये म्हणून जोतें उंच, दाराला उंबरठा, माडीचा जिना अरुंद. त्या काळीं यांस कारण होतें. पण चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्यास तीन पायऱ्या म्हणजे तटबंदीच होय. पाठीच्या कण्यास इजा होऊन पाय निकामी झालेल्या सैनिकांचें पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आपल्या खडकीस आहे. १९६५ च्या युद्धांत जखमी झालेले मुरलीकांत पेटकर यांनीं १९७२ सालीं हायडेलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेंत पोहण्याचें सुवर्णपदक मिळविलें. अशा वीरास एखाद्या कचेरीच्या पायऱ्यांपाशीं थांबावें लागलें, तर उणेपणा त्याचा कीं त्या कचेरीचा ?

उपाय साधे आहेत. उतार करावयाचा तर एक फूट चढास बारा फूट लांबी हवी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्यांची उंची दीड फूट. म्हणजे उतार अठरा फूट लांब झाला पाहिजे. याहून आंखूड केल्यास चढतांना हात थकतात व उतरतांना खुर्ची आवरत नाहीं. दार सुमारें तीन फूट रुंद असावें, आणि खुर्ची वळविण्यास पांच फूट जागा मोकळी असावी. अंधांसाठीं जमिनीवर उठावाच्या फरशा बसवितात : लांब रेघा म्हणजे पुढें चला, ठिपके म्हणजे सावध व्हा. ही युक्ति जपानांत सेइइची मियाके यांनीं १९६५ मध्यें काढली. आज ती आपल्या मेट्रोच्या स्थानकांवरहि दिसते. बहिऱ्यांसाठीं प्रत्येक घोषणा लेखी दाखवावी.

नकाशा काढतांनाच योजना केल्यास खर्च थोडा येतो; मागाहून भिंती फोडाव्या लागतात. शिवाय त्याच उतारावरून आजीबाई निर्धास्त चालतात आणि हमालाची हातगाडीहि सुखानें जाते.

२०१६ च्या कायद्यानें ही सोय अपंगांचा हक्क ठरविली आहे. आणि याविषयींचे नियम केवळ शिफारशीवजा नसून बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२४ मध्यें दिला.

विद्यार्थीमित्रहो, टेप घेऊन आपल्याच शाळेच्या पायऱ्या व दारें मोजा, आणि आलेले आंकडे मुख्याध्यापकांपुढें ठेवा. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, नवें घर बांधतांना एक तरी दार बिनपायरीचें ठेवावें. वार्धक्य कोणासच चुकलेलें नाहीं. तें दार पुढें आपल्याच उपयोगीं पडेल.