भाडं थकलंय? थांबा नव्वद दिवस!

भिवंडीत गाळामालकाला भाड्याविषयी विचारा, आधी चहा येतो. शांतीनगरमधल्या एका काकांनी मला थेट वहीच दाखवली. पाच महिने कोरे! ‘‘लूम बंद, तर तो देणार कुठून? पण माझं घर यावरच चालतं ना!’’

कुलूप ठोकावं, वीज तोडावी? नो वे, कायदा आड येतो. १९४७च्या भाडे कायद्यात लेखी नोटिशीनंतर महिनाभरात दावा लावता यायचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्या महिन्याचे ९० दिवस झाले. वर समन्स मिळाल्यावर भाडेकरूला आणखी ९० दिवस. तेवढ्यात थकबाकी, १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च भरला, पुढचं भाडं नियमित दिलं, की गाळा वाचला. मंदीतल्या कारखानदाराला एवढी उसंत हवीच, असं माझं मत. मालकाला खरं छळतात त्या कोर्टाच्या तारखा.

आणि करार? तो लेखी करून नोंदवणं मालकाचंच काम. नसेल, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं. उलट सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात. काकांचा करार तोंडीच आहे, बारा वर्षांपासूनचा.

नोटीस टाइप करून तयार आहे. ‘‘पोराच्या लग्नात आला होता हो तो,’’ म्हणत काकांनी ती पुन्हा वहीत सारली.