वीज कंपनीचे मालक कोण? तिमाही तक्ता वाचताना

विहिरीवरच्या पंपाचे बटण दाबले की पाणी येते. ती वीज कुठे तयार झाली हे आपण क्वचितच विचारतो, आणि ती तयार करणाऱ्या कंपनीचे मालक कोण, हे तर त्याहून क्वचित. आज तोच प्रश्न घेऊ. कारण त्या मालकांमध्ये, आडून का होईना, तुम्हीही असण्याचा संभव आहे.

उदाहरण म्हणून एनटीपीसी ही कंपनी पाहू. केंद्र सरकारने ती १९७५ साली स्थापन केली. नागपूर जिल्ह्यात मौदा येथे आणि सोलापूर जिल्ह्यात तिची कोळशावर चालणारी वीजकेंद्रे आहेत. प्रारंभी कंपनी सर्वस्वी सरकारची होती. २००४ साली तिचे शेअर प्रथमच लोकांना विकले गेले आणि सरकारचा वाटा ८९.५ टक्के राहिला. २०१० मध्ये तो ८४.५ वर आला, तर फेब्रुवारी २०१३ मधील विक्रीनंतर ७५ टक्क्यांवर. २०२४ साली तो निम्म्याहून थोडासाच अधिक होता.

मग बाकीचे शेअर गेले कोणाकडे? काही तुमच्या-आमच्यासारख्या माणसांकडे, पण मोठा भाग संस्थांकडे. आयुर्विमा महामंडळ, म्युच्युअल फंड, निवृत्तिवेतनाचे निधी, परदेशी गुंतवणूक संस्था, या त्या संस्था. आता यांचा पैसा येतो कुठून? तुम्ही भरलेला विम्याचा हप्ता त्यात असतो. भविष्य निर्वाह निधी संघटना ऑगस्ट २०१५ पासून आपल्या नव्या ठेवींचा काही भाग शेअर बाजारात गुंतवते. ज्या गुरुजींना आणि बाईंना राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली लागू आहे, त्यांच्या वर्गणीचाही काही भाग शेअरांत जातो. म्हणजे पैसा गावाचा, नाव संस्थेचे!

बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना सहसा दर तीन महिन्यांनी आपल्या मालकीचा तक्ता जाहीर करावा लागतो. सेबीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे तिमाही संपल्यापासून २१ दिवसांत तो शेअर बाजाराकडे द्यावा लागतो. मुंबई शेअर बाजाराच्या आणि राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळांवर तो कोणालाही फुकट पाहता येतो. प्रवर्तकांकडे किती, देशी संस्थांकडे किती, परदेशी संस्थांकडे किती, किरकोळ भागधारकांकडे किती, हे सारे त्यात असते.

इथपर्यंत सोपे आहे. अडचण पुढे आहे. तक्ता निघाला की ओरड सुरू होते : “मोठ्या संस्थांनी वाटा वाढवला, तुम्हीही घ्या!” मोबाइलवर असे निरोप आता खेड्यापाड्यांतही येतात, आणि कापसाची, कांद्याची पट्टी हाती आलेला माणूस त्याला भुलतो. म्हणून नीट ध्यानात घ्या : वाटा किती बदलला हे तक्ता सांगतो, का बदलला हे सांगत नाही.

एनटीपीसीचेच दाखले पाहा. मार्च २०१९ मध्ये कंपनीने दर पाच शेअरांमागे एक बोनस शेअर दिला. सुमारे ८२४ कोटींचे ९८९ कोटी शेअर झाले. प्रत्येक संस्थेकडील शेअरांची संख्या एक पंचमांशाने वाढली, पण तेवढ्याने टक्केवारी तसूभरही हलली नाही. भाकरीचे पाच तुकडे केले काय नि सहा केले काय, भाकरी तेवढीच!

उलट २०२० च्या अखेरीस कंपनीने स्वतःचेच सुमारे १९.८ कोटी शेअर भागधारकांकडून परत विकत घेऊन रद्द केले. म्हणजे एकूण शेअर सुमारे दोन टक्क्यांनी घटले. अशा वेळी ज्याचा वाटा १० टक्के होता आणि ज्याने एकही शेअर घेतला वा विकला नाही, त्याचा वाटा आपोआप १०.२ टक्के होतो. ही ‘वाढ’ खरेदीची नव्हे, भागाकाराची आहे.

तिसरा दाखला २०१३ चा. जानेवारी ते मार्च या तिमाहीत सरकारचा वाटा साडेनऊ टक्क्यांनी उतरला. सरकारने विकले, म्हणून इतरांचा वाटा वाढणारच. एवढ्यावरून कंपनीची स्थिती बदलली असे म्हणता येत नाही. त्यातून काही फंड निर्देशांकाबरहुकूम चालतात. ज्या कंपन्या निर्देशांकात असतील, त्या ठरलेल्या प्रमाणात घ्यायच्या, एवढेच त्यांचे काम. त्यांची खरेदी म्हणजे कंपनीला मिळालेली शाबासकी नव्हे.

आणखी दोन बारकावे. तक्ता हा तिमाहीच्या शेवटच्या दिवसाचा असतो. शाळा-तपासणीच्या दिवशीचा हजेरीपट जसा, तसाच तो. आदल्या दिवशी काय होते आणि दुसऱ्या दिवशी काय झाले, हे त्यात दिसत नाही. दुसरे असे, की सर्वसामान्य भागधारकांपैकी ज्यांचा वाटा एक टक्का किंवा अधिक आहे, त्यांचीच नावे त्यात छापतात. कोणाचा वाटा १.०२ वरून ०.९८ वर आला, तर नाव यादीतून जाते. लोक समजतात, सगळे विकून निघून गेला!

मग तक्ता वाचायचा कसा? एका तिमाहीवरून निकाल देऊ नका. आठ तिमाह्या ओळीने मांडा. शेअरांची संख्या आणि टक्केवारी, दोन्ही शेजारी लिहा. दोन्ही वाढल्या असतील, तरच कोणी खरोखर भर घातली असे समजा. मग कारण शोधा : सरकारने विकले का, नवे शेअर निघाले का, निर्देशांक बदलला का?

शिक्षकांसाठी एक उदाहरण सातवीच्या वर्गात घालण्याजोगे आहे. एका कंपनीचे १,००० शेअर आहेत. एका संस्थेकडे त्यांतले १००. कंपनीने २५० नवे शेअर इतरांना विकले. संस्थेने काहीच विकले नाही. तिचा वाटा किती? दहाचा आठ टक्के. मुलाला हे उमगले, की “मोठ्यांनी काढता पाय घेतला” असा निरोप घरी आल्यावर तेच वडिलांना विचारील : “आबा, छेदात काय आहे ते पाहिलंत का?”