चेंबर बंद करण्याआधी

पावसाळा म्हणजे आपल्या माजलगाव भागातल्या ट्रकवाल्यांचा दुरुस्तीचा काळ. १९८७ साली सिंदफणा नदीवरचे माजलगाव धरण पूर्ण झाले. कालव्याला पाणी आले, ऊस वाढला आणि उसाच्या मागे गाड्याही वाढल्या. आज उसाची बरीचशी वाहतूक ट्रॅक्टरवर गेली असली, तरी एका जुन्या ट्रकवर घर चालवणारी कुटुंबे अजून आहेत. तेलगावच्या कारखान्याला ऊस घालायचा, नाहीतर ऊसतोडीची टोळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पोचवायची, हे त्यांचे काम. हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास उभा राहतो. तोपर्यंत इंजिन तयार पाहिजे. गॅरेजची मजुरी परवडत नाही म्हणून अनेक जण ओळखीचा मिस्त्री बोलावून दारातच इंजिन उतरवतात.

या कामात इंजिनाच्या तळाला शेवटी बसतो तो ऑइल चेंबर. दिसायला तो पत्र्याचा डबा. चार बोल्ट आवळले की झाले, असे समजून घाईघाईने तो चढवला जातो. पुष्कळ घरांचा हंगाम बिघडतो तो याच घाईने.

चेंबरचे काम काय, हे आधी समजून घेऊ. इंजिनातले सगळे ऑइल खाली या डब्यात साठते. त्यात बुडालेल्या जाळीतून पंप ते ओढतो. फिल्टरमधून ते क्रँकच्या बेरिंगांना, कॅमला आणि वरच्या रॉकरांना जाते आणि परत खाली गळते. माणसाच्या अंगात रक्त फिरते तसे हे फिरणे. ते क्षणभर तुटले तरी बेरिंग आणि क्रँक एकमेकांना लोखंडाने घासू लागतात. घाटात, भरल्या गाडीत हे घडले तर इंजिन तिथेच जाम होते.

चेंबर एकदा बसला की आतले काही दिसत नाही. म्हणून तो लावण्याआधीचा अर्धा तास सर्वांत मोलाचा. प्रत्येक बेरिंग-कॅप आपापल्या नंबरावर आणि योग्य दिशेने आहे का? तिचे बोल्ट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने आवळले का? आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर खडूची खूण करा. ज्यावर खूण नाही तो राहिला, असा सरळ हिशेब. मग क्रँक हाताने दोन फेरे फिरवून पाहा. कुठे अडते का? पंपाची जाळी स्वच्छ आणि घट्ट आहे का? शेवटी पाने, वायसर आणि फडकी मोजा. एक चिंधी आत राहिली तरी जाळी बंद व्हायला पुरते. मोजायचे काम घरातल्या शाळकरी मुलाकडे किंवा मुलीकडे द्या. मोठी माणसे थकलेली असतात, मुले मोजताना चुकत नाहीत.

आता खुद्द चेंबर. धुण्याआधी तळातला गाळ बोटावर घेऊन बघा. त्यात तांबूस किंवा पांढरट चमक दिसली तर ती बेरिंगची झीज असते. चुंबकाला चिकटणारा चुरा लोखंडाचा. ती कुठून आली ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग चेंबर डिझेलने धुऊन कोरडा करा. जुने पॅकिंग पूर्ण खरवडून काढा, मात्र इंजिनाच्या कडेला ओरखडा पडू देऊ नका. कच्च्या रस्त्यावरच्या दगडाने तळाला पोचा आला असेल तर तो काढून घ्या. पोचा जाळीपर्यंत वर आला की ऑइल ओढायला जागाच उरत नाही. बोल्टच्या भोकांभोवतीचा पत्रा फार आवळल्याने वर उचललेला असतो. लाकडी ठोकळ्यावर ठेवून तो हलक्या हाताने सपाट करा.

पॅकिंग नवेच घ्या. जुने उलटून लावण्यात जे पैसे वाचतात ते ऑइल गळण्यात जातात. सिलिकॉन लावायचे तर पातळ लावा. जास्तीचे आतल्या बाजूला सुटते आणि जाळीत अडकते. पुढचे टायमिंग कव्हर आणि मागचे ऑइल सील जिथे ब्लॉकला मिळतात, त्या कोपऱ्यांवर थेंबभर जास्त लागते. गळती बहुधा तिथूनच होते.

इंजिन जमिनीवर उलटे असेल तर चेंबर वरून सहज बसतो. पण नंतर इंजिन सरळ करून त्याचे वजन चेंबरवर टेकवू नका, दोन्ही बाजूंना लाकडी आधार द्या. इंजिन गाडीतच असेल तर दोन माणसे लागतात. अशा वेळी नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जायचे नाही. खाली मजबूत घोडी आणि चाकांना उटी हवीतच.

सगळे बोल्ट आधी बोटांनी लावा. मग मधल्या बोल्टपासून दोन्ही टोकांकडे, समोरासमोरचे धरून, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. चाकाच्या नटासारखा पाइप घालून जोर करायचा नसतो. जास्त आवळले की पॅकिंग चिरडते, पत्रा वाकतो आणि दोन बोल्टांच्या मधून ऑइल गळू लागते. खालच्या ड्रेन नटाचे तांब्याचे वायसर नवे टाका.

सिलिकॉनच्या नळीवर लिहिलेला वेळ जाऊ द्या आणि मगच ऑइल भरा. गेजपट्टीवर पातळी बघा. पहिल्यांदा चालू करताना स्टॉप खेचून धरा आणि थोडा थोडा सेल्फ मारून ऑइल वर चढू द्या. चालू झाल्यावर नजर ऑइल प्रेशरच्या काट्यावर हवी. काही सेकंदांत काटा उठला नाही तर ताबडतोब बंद करा. खाली पुठ्ठा पसरून ठेवा, कुठून थेंब पडतो ते त्यावर कळते. पहिल्या खेपेनंतर बोल्ट आणि पातळी पुन्हा तपासा.

काळे ऑइल नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते पाणी नासवते. डब्यात साठवून वापरलेले ऑइल घेणाऱ्याकडे द्यावे. जखमेवर ते लावण्याची रीत घातक आहे. काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत आणि मगच भाकरीला लावावेत.

मुकादमाने निघायची तारीख दिलेली असते, उचल घेतलेली असते, त्यामुळे रात्रीतून चेंबर चढवून टाकण्याचा मोह होतो. पण त्या गाडीत मागे टोळीतल्या बाया असतात, लेकरे असतात, सहा महिन्यांचा संसार असतो. मध्यरात्री आडरानात इंजिन जाम झाले तर ती सगळी माणसे रस्त्यावर येतात, आणि क्रँक घासून नवी बेरिंगे टाकण्याचा खर्च हंगामाची कमाई खाऊन जातो. त्यामुळे घरातल्या कुणीही, मग ती मालकीण असो की खडू हातात घेतलेली मुलगी, “थांबा, एक खूण राहिली,” असे म्हटले तर मिस्त्रीनेही हातातला पाना खाली ठेवावा. एक दिवस उशीर झाला तर मुकादमाशी बोलता येते.