पन्नाशीनंतरची पहिली रेसिंग सायकल

२०१९ साली पणजीत पहिली आयर्नमॅन ७०.३ झाली आणि चोर्ला घाटाच्या अलीकडे आपल्या बेळगावातही त्या आकड्यांची चर्चा सुरू झाली. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. तिघांनी मिळून रिलेही करता येते. त्यामुळे "सायकलचा टप्पा मी घेतो" म्हणणारे आमच्या सभासदांत आता साठीच्या घरातलेही आहेत. त्यांचा पहिला प्रश्न अर्थातच, सायकल कोणती घ्यावी?

आमच्या एका काकांनी निवृत्तीनंतर हौसेने कार्बनची, टीव्हीवर दिसते तशी खाली वाकून चालवायची सायकल घेतली. काकांची उंची पाच फूट पाच इंच आणि दुकानात शिल्लक होती ५६ मापाची फ्रेम. "सीट खाली घेऊन देतो" म्हणून दुकानदाराने तीच गळ्यात मारली. तीन आठवड्यांत मान धरली, करंगळ्या बधिर होऊ लागल्या आणि "हे आपल्या वयाला झेपणारे नव्हे" म्हणून सायकल जिन्याखाली गेली. दोष वयाचा नव्हता, मापाचा होता. सीट वरखाली होते, फ्रेमची लांबी कमी होत नाही.

म्हणून कंपनी आणि रंग नंतर. आधी दोन आकडे विचारावेत, स्टॅक आणि रीच. पॅडल ज्या आसाभोवती फिरते तिथून फ्रेमचे पुढचे टोक किती उंच आहे तो स्टॅक, आणि किती पुढे आहे तो रीच. एन्ड्युरन्स प्रकारच्या सायकलींत स्टॅक जास्त आणि रीच कमी असतो, म्हणजे पाठ फार न वाकवता हँडल हाताशी येते. सुरुवात करणाऱ्या ज्येष्ठांनी हाच प्रकार घ्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग वेगाचे काय? सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरला सर्वांत मोठा अडथळा वाऱ्याचा, आणि वारा सायकलीपेक्षा आपले शरीरच जास्त अडवते. तेव्हा वाकण्याचा फायदा खराच, पण ते वाकणे टिकले पाहिजे. या वेगाने ९० किलोमीटरला ३ तास ३६ मिनिटे लागतात. वीस मिनिटे वाकून उरलेला वेळ मान चोळत ताठ बसायचे असेल, तर ती महागडी सायकल काय कामाची? त्यापेक्षा बेताचे वाकून साडेतीन तास निवांत पॅडल मारणारा पुढे जातो.

वजनाचेही तसेच. स्वार ७५ किलोचा आणि सायकल ९ किलोची, तर एक किलो वाचवून एकूण ओझे जेमतेम सव्वा टक्का कमी होते. कार्बन फोर्क असलेली ॲल्युमिनियमची फ्रेम पुष्कळ झाली.

पैसे गिअरवर जरूर घालावेत. पुढे ३४ दात आणि मागेही ३४ असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होतो, सायकल साधारण २.१ मीटर सरकते. जुन्या रेसिंग सायकलींतल्या ३९ आणि २५ च्या जोडीत तेच अंतर ३.३ मीटर होते. गोव्याहून परतताना चोर्ला चढायचा असेल, तर हा फरक गुडघ्यांना लगेच कळतो.

टायर २८ ते ३२ मिलिमीटरचे असावेत, हवा बेताची. दगडासारखे फुगवलेले अरुंद टायर आपल्या रस्त्यांवर उसळतात. त्यात शक्तीही वाया जाते आणि हाडेही खिळखिळी होतात. आपला पाऊस पाहता ब्रेक डिस्कचे बरे. सीटची गादी जाड असून भागत नाही, बैठकीच्या हाडांना पुरेल एवढी तिची रुंदी हवी. स्त्रियांना बहुधा थोडी जास्त लागते. पाय पॅडलला अडकवणारे बूट पहिले काही महिने नकोतच. सिग्नलला पाय सुटला नाही म्हणून आडवे झालेले सभासद आमच्यात आहेत. (नावे सांगत नाही.)

दुकानात जाण्यापूर्वी घरी एक माप घ्यावे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, मांड्यांमध्ये पुस्तक वर दाबून धरावे आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजावे. त्याला ०.८८३ ने गुणले की पॅडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची येते. माप ७८ सेंटिमीटर आले, तर सुमारे ६९. सुरुवातीला एखादा सेंटिमीटर कमीच ठेवावी.

काकांनी पुढे मापाची, ५२ ची सायकल घेतली. जुनी अजून जिन्याखालीच आहे. सभासदांत कुणी पाच फूट दहा इंच असतील, तर त्यांनी ती एकदा बसून पाहावी.