मराठी मृत्युपत्राची सीमाभागात नोंदणी
औराद, भालकी, आळंद परिसरातील ज्येष्ठ मंडळी विचारतात, मृत्युपत्र मराठीतून चालेल का? अवश्य चालेल. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे कलम १९ सांगते की, दस्ताची भाषा उपनिबंधकास कळत नसेल आणि ती जिल्ह्यात प्रचलितही नसेल, तरच भाषांतराअभावी नोंदणी नाकारावी. बिदर जिल्ह्यात मराठी प्रचलित नाही, असे कोण म्हणेल? तरीही हेलपाटे टाळण्यासाठी कन्नड भाषांतर सोबत असलेले बरे. नोंदणी तशी ऐच्छिकच. हिंदूंच्या मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र अनिवार्य. ते आपल्याहून तरुण असावेत, कारण पुढे मृत्युपत्र सिद्ध करताना त्यांपैकी एकाची साक्ष लागते. येथील जमिनीसाठी प्रोबेटची सक्ती नाही. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विनामूल्य वकील देते.