अम्लस्थिर अभिरंजन

अम्लस्थिर अभिरंजन : उष्णतेच्या साहाय्याने रंगविलेले सूक्ष्मजंतू अम्लाने धुतले असता बहुतेकांचा रंग निघून जातो; काही थोड्यांचा मात्र कायम राहतो. या गुणधर्माच्या आधारे जंतू ओळखण्याच्या पद्धतीस ‘अम्लस्थिर अभिरंजन’ म्हणतात. क्षयरोग व कुष्ठरोग यांचे जंतू या गटात मोडतात. क्षयरोगाचा जंतू पोषक माध्यमावर वाढवून ओळखता येतो. कुष्ठरोगाचा जंतू कृत्रिम माध्यमावर अद्याप वाढविता आलेला नाही. त्यामुळे त्याच्या बाबतीत रंगविलेल्या काचपट्टीला विशेष महत्त्व आहे.

इतिहास : सूक्ष्मजंतू जवळजवळ पारदर्शक असल्याने न रंगविता ते स्पष्ट दिसत नाहीत. नॉर्वेतील बर्गेन येथे हान्सेन यांना १८७३ मध्ये कुष्ठरोग्यांच्या गाठींतील द्रवात दंडाकार जंतू आढळले. १८७९ मध्ये नायसर यांनी ते रंगवून दाखविले. १८८२ मध्ये कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू शोधून काढला व त्याच वर्षी एर्लिख यांनी त्याची अम्लस्थिरता सिद्ध केली. त्सील व नेल्सेन यांनी लवकरच या पद्धतीत सुधारणा केल्या व तिला त्यांचेच नाव मिळाले. १८८४ मध्ये ग्रॅम यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. तीनुसार जांभळा रंग राखणारे ग्रॅम-व्यक्त व तो सोडणारे ग्रॅम-अव्यक्त असे जंतूंचे दोन मोठे वर्ग पडतात. अम्लस्थिर जंतू ग्रॅम पद्धतीने नीट रंगत नाहीत, म्हणून त्यांची वेगळी परीक्षा करावी लागते.

तत्त्व : या जंतूंच्या कोशिकाभित्तीत मायकॉलिक अम्लांसारखे मेणासारखे पदार्थ विपुल असतात. त्यांतून रंग सहज आत शिरत नाही. उष्णता व कार्बॉलिक अम्ल यांच्या साहाय्याने एकदा शिरला की सहज बाहेरही पडत नाही.

कृती : कुष्ठरोगाच्या तपासणीसाठी कानाची पाळी व त्वचेवरील चट्टा येथून नमुना घेतात. त्वचा चिमटीत दाबून रक्तहीन करतात, पात्याने सु. ५ मिमी. लांब व २ ते ३ मिमी. खोल छेद घेतात आणि छेदाच्या कडा खरवडून निघालेला ऊतकद्रव काचपट्टीवर पसरतात. तो वाळवून व उष्णतेने स्थिर करून त्यावर कार्बॉल फुक्सीन हा लाल रंजक ओततात आणि वाफ निघेपर्यंत, पण उकळू न देता, तापवितात. नंतर अम्लयुक्त अल्कोहॉलाने धुऊन मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंजक लावतात. अम्लस्थिर जंतू लाल व बाकी सर्व निळे दिसते. क्षयरोगाच्या जंतूसाठी २० टक्के सल्फ्यूरिक अम्ल चालते. कुष्ठरोगाच्या जंतूची अम्लस्थिरता कमी असल्याने त्यासाठी अम्ल बरेच सौम्य ठेवावे लागते, अन्यथा जंतू असूनही दिसत नाहीत.

वाचन : तैलनिमज्जन भिंगाखाली कुष्ठरोगाचे जंतू एकेकटे किंवा विड्यांच्या जुडीसारखे पुंजक्यांनी दिसतात. त्यांची संख्या १ ते ६ अशा श्रेणींत मोजतात. शंभर क्षेत्रांत मिळून १ ते १० जंतू असल्यास श्रेणी १, तर एका क्षेत्रात सरासरी हजाराहून अधिक असल्यास श्रेणी ६ होय. अखंड व एकसारखे रंगलेले जंतू जिवंत असण्याचा संभव असतो. तुटक वा कणमय दिसणारे मृत समजतात.

सामाजिक महत्त्व : १८९८ च्या कुष्ठरोगीविषयक अधिनियमाच्या मूळ व्याख्येत व्रण होऊ लागलेला रुग्ण हाच ‘कुष्ठरोगी’ होता व निर्धन रुग्णास आश्रमात डांबण्याची तरतूद होती. व्रण हे बहुधा तंत्रिकांच्या हानीने संवेदना गेल्यामुळे होतात. ते संसर्गजन्यतेचे लक्षण नव्हे. बोटे झडलेल्या रुग्णाच्या काचपट्टीवर एकही जंतू नसू शकतो आणि वरवर धडधाकट दिसणाऱ्याच्या कानाच्या पाळीत ते असंख्य असू शकतात. समाजाने मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या विरूपतेवरूनच रुग्णांना घराबाहेर काढले. मुंबई–नागपूर लोहमार्गावरील बडनेरा प्रस्थानकातून अमरावतीकडे शाखामार्ग जातो. त्या अमरावती येथे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेले तपोवन अशा बहिष्कृतांचेच आश्रयस्थान ठरले. त्यापूर्वी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी असेच कार्य आरंभिले होते. १८९८ चा अधिनियम २०१६ मध्ये रद्द झाला.

मर्यादा : ऊतकाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये सु. दहा हजारांहून कमी जंतू असल्यास ते काचपट्टीवर सापडत नाहीत. म्हणून जंतू न दिसणे म्हणजे रोग नसणे नव्हे; चट्ट्यातील संवेदनानाश व तंत्रिकांची जाडी हीही तपासावी लागते. उलट, बहुऔषधी उपचारांनी रुग्ण लवकरच असंसर्गजनक होतो, तरी मृत जंतू काही वर्षे काचपट्टीवर दिसत राहतात. केवळ त्यावरून त्याला संसर्गजनक ठरविता येत नाही. पाण्यातील निरुपद्रवी अम्लस्थिर जंतूंमुळेही फसगत होऊ शकते, म्हणून रंजके व पाणी स्वच्छ असावे लागते. तात्पर्य, अभिरंजनाने जंतूचा वर्ग कळतो. रोगाचा निर्णय मात्र रुग्णाची तपासणी व काचपट्टी या दोहोंवरून करावयाचा असतो.